पितळी टिकल्यांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. चांगली दोन फूट लांब, पण माझ्यावर इंच शोधू नका, सापडायचे नाहीत. माझे आकडे सारख्या अंतरावर नाहीत. एक आणि दोन ऐसपैस बसलेले, आठ-नऊ मात्र दाटीवाटीने. कारागिराचा हात चुकला नव्हता हं, त्याने मला मुद्दामच असं घडवलं.

शिडाच्या जहाजावर खलाशी माझ्यावर कर्कटक टेकवत. एकापासून दोनापर्यंतचं अंतर पकडायचं, तेच तीनाच्या पुढे ठेवायचं, की टोक थेट सहावर! वेग आणि तास यांचा असा गुणाकार केला, की जहाज किती लांब आलं ते कळे. कर्कटकाच्या टोकांनी लाकूड झिजू नये म्हणून मला पितळी टिकल्या लावल्या होत्या. काय थाट होता माझा!

पुढे यंत्रं आली आणि मी अडगळीत गेले. अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये एका गराज सेलमध्ये, म्हणजे घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, गुरुनाथने मला उचललं. तो सॉफ्टवेअरमधला, पण माझ्यावर भारी जीव. त्याने आपल्या मुलीला, निधीला, माझा गुणाकार शिकवला. ती मला शाळेत दाखवणार होती. इतक्या वर्षांनी मला काम मिळणार म्हणून मी हरखून गेले होते.

शाळेत जायच्या आदल्या दिवशीच खंडेनवमी आली. घरातल्या अवजारांची पूजा करायची, म्हणून निधीच्या आईने, सुवर्णाने, मला चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. टिकल्या लखलखल्या, पण शेजारचे आठ आणि नऊ रेघांसकट गेले! लॅपटॉपशेजारी पाटावर मी हळदकुंकू लावून बसले, पण मनातून पार खचले होते.

"आई! एट अँड नाइन आर गॉन! उद्या माझं प्रेझेंटेशन आहे!" निधी रडकुंडीला आली.

"अगं, पितळ दिसलं की हात चिंचेकडेच जातो गं," सुवर्णा ओशाळली.

"उद्याचं कॅन्सल करूया का?" गुरुनाथने विचारलं.

निधी माझ्याकडे बघत राहिली. "वेट, बाबा. वन टू टूचं अंतर फोरच्या पुढे ठेवलं तर?"

पूजेतलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत. तरी सुवर्णानेच माझ्यावरचं फूल बाजूला ठेवलं आणि मला लेकीच्या हाती दिलं.

कर्कटकाचं टोक कोऱ्या लाकडावर टेकलं. तिथेच तर माझा आठ होता! मग एक ते तीनचं अंतर तीनाच्या पुढे ठेवून तिने नऊही शोधला. पेन्सिलीने रेघा मारल्या आणि रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेले आकडे काढले: ८, ९.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, पण हलक्या हाताने. आणि जमलं तर वापरा. माझा नऊ थोडा तिरका आलाय, पण आता तो कोणी पुसलेला मला चालणार नाही.