शेवटच्या टाकीतला मासा

माझा आवाज मोठा आहे, हे मला मान्य. वडील गेल्यावर कापड रंगवण्याचा हा छोटा कारखाना माझ्या गळ्यात पडला आणि आवाज आपोआप चढला. त्यांचा नियम मात्र मी मोडला नाही. रंगाचं सांडपाणी तीन टाक्यांतून गाळून चौथीत येतं. चौथीत एक मासा असतो. रोज सकाळी तो पोहताना दिसला, तरच ओढ्याकडची झडप उघडायची. मेला, तर पाणी निवळेपर्यंत काम बंद. "कागदावर काहीही लिहिता येतं, माशाला सोंग जमत नाही," असं वडील म्हणायचे.

आज झडप उघडून मी सहज वाकून पाहिलं. काल माशाच्या शेपटीला चीर होती. आजची शेपटी अखंड.

"मामा!" मी ओरडले. मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे आमचे मुख्य रंगारी. ते आले, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कळलं तर तुम्हाला."

"किती मासे बदललेत?"

"एकोणीस. रोज एक. दुकानदार विचारतो, पाळताय की तळताय? गाळायची वाळू बाद झालीय, बाई. सांगायला आलो होतो ना मी? तुम्ही म्हणालात, पुन्हा मेलेला मासा दाखवलात तर कारखान्याला टाळं ठोकीन. या वयात मला कोण ठेवणार? आणि कामावरच्या त्या दहाजणी कुठे जातील?"

म्हणाले होते मी. सगळ्यांसमोर. मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून धाबं दणाणलं होतं, आणि मी घाबरले की दुसऱ्यावर खेकसते. लबाडी मामांनी केली, पण ती करायला लावली मी. एकोणीस दिवस झडप उघडणारा हातही माझाच.

झडप बंद केली. गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं, माल येणार नाही. त्यानं पुढचं ऐकूनही घेतलं नाही. आता दुसरं गिऱ्हाईक नाही. बायका हात पुसत उभ्या राहिल्या. "उद्या यायचं का?" एकीनं विचारलं.

मग ओढ्याकाठी भाजी पिकवणाऱ्या बाईकडे गेले. तिचे अर्धे वाफे आमच्या झडपेतून पाइपनं येणाऱ्या पाण्यावर, अर्धे पलीकडच्या कारखान्याच्या. ती कोरडा पाइप हातात धरून उभी होती.

"ताई, आज पाणी मधेच थांबलं."

"मीच बंद केलंय. खराब होतं ते, एकोणीस दिवस. भाजी बाजारात नेऊ नका, पाया पडते तुमच्या."

ती हसली, माझीच समजूत काढावी तशी.

"बाजारात पलीकडची जाते हो. तुमच्या पाण्याची आम्ही घरात ठेवतो. पोरांना तीच घालते मी."