वाळूचे दोन्ही हात

आमच्या त्र्यंबक रोडवरच्या लहानशा दवाखान्यात पोटात सोडायची दुर्बीण नाही, ती नाशिकला. पण रक्ताच्या उलट्या करणाऱ्या माणसाला हे सांगून काय उपयोग? फुलांच्या मळ्यात राबणाऱ्या वाळूला तिथून उचलून आणलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता. जुन्या काविळीने यकृत गेलेलं, त्यात अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटलेली. तसाच पाठवला असता तर वाटेतच गेला असता.

रक्त चढवलं, शिरा आखडणारं इंजेक्शन दिलं. तरी थांबेना. मग फुगा असलेली नळी नाकातून पोटात सोडली, एक्स-रे काढून जागा बघितली, फुगा फुगवला आणि नळीच्या टोकाला सलाईनची बाटली बांधून पलंगाच्या दांडीवरून लोंबती सोडली. त्या ताणाने फुगा शिरांवर दाबून बसला. रक्त थांबलं. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. वाळू भ्रमात होता आणि त्याचे हात सारखे नळीकडे जात होते. फुग्यासकट नळी उपसली असती तर सगळंच संपलं असतं.

"हात बांधा," मी सिस्टरला म्हणाले.

"नका हो डाक्टरीणबाई," त्याची बायको रंगूबाई रडकुंडीला आली. "बांधलं की लय घाबरत्यात ते. मी धरते."

तिने धरले, पण धरलेल्या हातांवरून पदर ओढला. दाराशी सासू अंबूबाई बसली होती ना! तिच्यादेखत नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. घरात नातवंडं आली तरी! मला अशी चीड आली. पदराखाली पकड निसटली आणि वाळूचा हात नळीला लागलाच. मी ओरडणार तोच अंबूबाई धावली. तिने तो हात पकडला आणि पदर भिरकावला.

"झाकतीस काय गं? चोरी हाय का? धर घट्ट!"

मग दोघी दोन बाजूंना बसल्या, एकेक हात धरून. वाळू हळूहळू निवला.

अँब्युलन्स आली. वाळूला आत ठेवलं, दोघीही हात न सोडता मागोमाग चढल्या. नळी तशीच ठेवून न्यायचं, नाशिकला दुर्बिणीतून शिरा बांधतील. सोबत एकच माणूस बसेल, ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं, म्हातारी अडून बसणार. पोटचा गोळा तिचा.

तिने लेकाचा हात गालाला लावला, मग सुनेच्या हातात ठेवला.

"लग्नात तुझा हात याच्या हातात दिला व्हता. आता याचे दोन्ही तुझ्या हातात देते. सोडू नको बाई."

रंगूबाईच्या डोक्यावरचा पदर घसरला होता. सावरायला तिचा हातच मोकळा नव्हता. अंबूबाईने तो सारखा केला आणि खाली उतरली.