पाहुण्यांचा रकाना

बायकोच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते पत्र पहिल्यांदा वाचून दाखवलं. हुबळीच्या रेल्वे कचेरीत अण्णा कारकून होते आणि त्यांच्याच टेबलाशेजारचे दोघे समाचाराला आले होते. त्यांनी फारसं काही विचारलं नव्हतं. त्यातला एक जण फक्त म्हणाला, "वहिनींना अशक्तपणा होता म्हणे." तेवढ्यावर अण्णा उठले, भिंतीतल्या कपाटातून लिफाफा काढला आणि चष्मा लावून, कचेरीतला कागद वाचावा तसे वाचू लागले.

"आपल्या कुटुंबाच्या आहाराची सात दिवस प्रत्यक्ष वजन करून पाहणी केली असता, तो घरातील सर्व माणसांस पुरेसा असल्याचे आढळून आले."

खाली धारवाडच्या डॉक्टरीणबाईंची सही होती, शिक्का होता.

"आता हे काही मी म्हणत नाही," अण्णा म्हणाले. "तोलून सांगितलंय त्यांनी. आयुष्याची दोरी तेवढीच, दुसरं काय."

मधल्या खोलीत त्यांची थोरली मुलगी इंदुमती धाकट्या कमलची वेणी घालत बसली होती. तिचा हात थांबला तशी कमल म्हणाली, "अक्का, ओढ की." इंदुमतीनं पेड घट्ट ओढला. ते वजन तिनंच केलं होतं.

धारवाडला मुलींच्या शाळेत ती गणित शिकवी. तिथंच तिचं सासर. आदल्या वर्षी डॉ. सरस्वतीबाई नाडकर्णी गावात आल्या. गरोदर बायकांचं रक्त कशानं कमी होतं, याची चौकशी करायचं काम त्यांना नेमून दिलेलं होतं. त्यांची पद्धत अशी, की बाईच्या बोटातलं रक्त तपासायचं आणि तिच्या घरी सात दिवस जे शिजेल ते शिजण्याआधी तोलायचं. मग त्याला माणसांनी भागायचं. पुरुष एक, गरोदर बाई एक, लहान मूल त्याहून कमी. भागाकार ठरलेल्या रेषेच्या खाली आला, तर त्या बाईला एका काळ्या, खारट अर्काची बरणी मिळे. खमिरापासून केलेला तो अर्क बोटीनं येई आणि बरण्या मोजक्याच असत. बायका त्याला काळं लोणचं म्हणत. भागाकार रेषेच्या वर आला, तर रक्त कमी असण्याचं कारण दुसरं काही असणार असं धरून जंताचं आणि लोहाचं औषध देत.

या कामाला कानडी-मराठी दोन्ही बोलणारी आणि दशांशाची भीती नसलेली बाई हवी होती. इंदुमती सुट्ट्यांमध्ये जाऊ लागली.

नाताळच्या सुट्टीत चौकशी हुबळीत आली, तेव्हा तिची आई, भागीरथीबाई, चाळिसाव्या वर्षी गरोदर होती. सहावा महिना. निरोगी माणसाचं शंभर धरलं, तर तिचं रक्त बेचाळीस भरलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव घेतलं, पण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तराजू घेऊन परकी बाई कशी येणार? आई म्हणाली, "आमची इंदू येईल. न्हाऊन, धूतवस्त्र नेसून येईल. तराजू चिंचेनं घासून घेऊ."

इंदुमती सात दिवस माहेरी राहायला आली.

त्या सात दिवसांइतका आनंद त्या घरानं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. सकाळी ओल्या केसांनी ती चुलीपुढे बसे. आई जोंधळ्याचं पीठ पारड्यात ओती आणि हसे.

"मास्तरीण केली होती तुला, तू सोनारीण झालीस."

"हलवू नकोस गं आई, काटा थांबू दे."

"थांबतोय की. माझ्यापेक्षा तोच शहाणा आहे." मग पीठ परातीत घेता घेता, "बघ हं, चांगलं लिही. त्या बाईंना वाटायला नको, या घरी पाणी पिऊन राहतात."

आईनं रतिबाचं दूध शेरभर वाढवलं होतं. एरवी आठवड्यातून एकदा होणारी मेथी तीनदा झाली. शेंगदाण्याची चटणी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, दह्यातला भात, सगळं इंदूच्या आवडीचं. लेक माहेरी आली होती. इंदुमतीनं प्रत्येक जिन्नस तोलला आणि लिहिला.

आधी अण्णा आणि भाऊ मधुकर जेवत, मग इंदुमती आणि कमल. आई वाढी.

"तू पण बस ना आता."

"तुम्ही बसा, मी मागाहून बसते. भाकरी गरम खाल्लेली बरी."

जेवण झालं की इंदुमती बाहेरच्या खोलीत जाई. आकडे त्याच दिवशी मांडायचे असा नियम होता. आई जेवायला बसे, तेव्हा ती बाहेर आईच्या जेवणाचा भागाकार करत असे.

सहाव्या दिवशी अर्धा नारळ वापरला की पाव, एवढं विचारायला ती मध्येच आत गेली. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढ्यात अर्धी भाकरी, चटणीचा ठिपका आणि वाडगाभर ताक. मेथीची कढई पालथी घातलेली. इंदुमतीला पाहून तिनं ताटावर हात आडवा धरला.

"आई, एवढंच?"

"मला जडच जातं गं हल्ली. हे लिहू नकोस हं तुझ्या त्या कागदात."

"लिहायचं म्हटलं तरी याला रकानाच नाही."

यावर दोघी हसल्या. खरंच हसल्या. इंदुमतीला पुढं सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हे हसणं.

कागदावर शेवटचा एक रकाना होता. 'पाहुणे जेवले काय? असल्यास किती?' तिनं सातही दिवस 'नाही' असं लिहिलं. माहेरी आलेली लेक पाहुणी असते हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आईला कुणी सांगितलं असतं, तर तिनं ते वाईट बोलणं म्हणून ऐकलं असतं.

भागाकार रेषेच्या वर आला. आईला जंताचं औषध मिळालं, लोहाच्या पुड्या मिळाल्या. काळी बरणी मिळाली नाही. जानेवारीत पत्र आलं. माघाच्या शेवटी, आठव्या महिन्यात ती बाळंत झाली. मूल दोन घटका जगलं. रक्त फार गेलं नाही, असं दवाखान्यातली नर्स म्हणाली. जायला होतंच किती.

पत्र वाचून दाखवल्याच्या तिसऱ्या दिवशी इंदुमती धारवाडला परतली, ती घरी न जाता थेट चौकशीच्या दोन खोल्यांत गेली. सरस्वतीबाई कारवारकडच्या. पन्नाशीच्या, सडपातळ. तिला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या.

"इंदुमतीबाई, बसा. मी पत्र लिहिणारच होते तुम्हांला."

"आईच्या घराचा कागद काढता का?"

त्यांनी काढला. इंदुमतीनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं चूक आहे. सात दिवस मी तिथं जेवत होते. दोन्ही वेळा."

सरस्वतीबाईंनी ते सात 'नाही' एकेक करून पाहिले. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि टिपकागदाच्या कोपऱ्यावर भागाकार पुन्हा केला, एक माणूस वाढवून. इंदुमतीला तो उलटा दिसत होता, तरी उत्तर त्यांच्याआधी तिला आलं.

"रेषेच्या खाली," सरस्वतीबाई म्हणाल्या. "फार नाही. पण खाली."

त्यांच्या मागच्या फळीवर सहा बरण्या होत्या.

"बरणी मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही ते."

"मी विचारलंही नाही. कागद दुरुस्त करा एवढंच म्हणते."

"बाई गेल्यावर, तिच्या मुलीच्या सांगण्यावरून बदललेला आकडा? तो छापला तर बाकीच्या एकोणसाठ घरांवर कोण विश्वास ठेवील? शंका आली की घर गाळायचं, असा नियम आहे. मी हे घर गाळते."

"म्हणजे ती कुठंच राहणार नाही."

"चुकीची राहण्यापेक्षा बरं."

"आणि ती काय जेवत होती ते?"

"ते तुम्ही तोललंत का?"

इंदुमतीनं रकान्यावरचं बोट काढून घेतलं.

"मीही तोललं नाही, कुठल्याच घरी," सरस्वतीबाई हळू म्हणाल्या. "आम्ही पातेलं तोलतो. ताट तोलायला लागलो तर बायका दारात उभं करायच्या नाहीत."

"निदान अण्णांना दुसरं पत्र द्या. आधीचं चुकलं म्हणून."

"गाळलेल्या घराला काय पत्र देणार?" त्यांनी कागदावर तांबडी रेघ ओढली. पट्टी न लावताही ती सरळ होती.

फाल्गुन सरता सरता मधुकरचं कार्ड आलं. अण्णांसाठी अळणावर गावचं स्थळ आलं होतं. सदाशिवराव म्हणून तिथल्या लाकडाच्या वखारीत मुनीम होते, त्यांची मुलगी श्यामला. वय तेवीस, पत्रिकेत मंगळ. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी ते घर पाहायला येणार होते. 'कमलकडे बघायला कुणीतरी हवंच,' असं मधुकरनं लिहिलं होतं. ते वाक्य अण्णांचं होतं हे उघड होतं.

इंदुमती शनिवारीच हुबळीला गेली. अण्णा बाजारात गेल्यावर तिनं कपाटातून लिफाफा काढला. घड्या पडून पत्र मऊ झालं होतं, म्हणजे बऱ्याच जणांना वाचून दाखवलेलं होतं. शिक्क्याखाली बोटभर जागा होती. तिथं तिनं शाईनं लिहिलं :

'या सात दिवसांत सासरहून आलेली मुलगी दोन्ही वेळा या घरी जेवत होती. तिचे जेवण मोजले गेले नाही. घरची बाई सर्वांच्या मागून, उरेल तेवढेच जेवत होती. इंदुमती, वजन करणारी.'

तिनं शाई वाळू दिली आणि लिफाफा होता तिथं ठेवला. निदान त्या मुलीच्या बापाला तरी कळेल, तिला कुठल्या चुलीपुढे पाठवतोय ते. तिला एवढंच हवं होतं.

सदाशिवराव रविवारी सकाळच्या गाडीनं आले. गाव, गोत्र, पगार, पेन्शन असं सगळं झालं. मग ते जरा संकोचून म्हणाले, "राग मानू नका, पण पहिल्या कुटुंबाचं काय झालं ते... मुलीचा बाप आहे मी."

"विचारायलाच हवं," म्हणून अण्णा उठले. पत्र आता त्यांना पाठ होतं. कागदाकडे न बघताच त्यांनी ते म्हटलं आणि सही-शिक्का बघा, म्हणून पाहुण्यांच्या हातात दिलं.

सदाशिवरावांनी सही पाहिली, शिक्का पाहिला आणि खालच्या ओळींवर आले. ते सावकाश, ओठ हलवत वाचत होते. आतल्या दारात इंदुमती चहाचा ट्रे धरून उभी होती. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं डोळे टिपले आणि तिच्याकडे वळले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा काळवंडला. "पोरगी दुःखात आहे. काहीबाही..."

"काहीबाही कसं म्हणता?" सदाशिवराव म्हणाले. "स्वतःच्या ताटातलं काढून माहेरवाशिणीला घालणारी बाई. विठ्ठलराव, पगार काय, कुठंही मिळतो. हे वळण मिळत नाही. आमच्या श्यामलेला मी हे सांगेन. शब्द न शब्द सांगेन."

अण्णांनी पुन्हा एकदा त्या ओळी वाचल्या, या वेळी निराळ्या डोळ्यांनी. "होतीच ती तशी," ते म्हणाले. आई गेल्यावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज भरून आला.

इंदुमतीनं ट्रे खाली ठेवला. त्यांना काही सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण दोघेही डोळे पुसत होते आणि त्या दोघांना आता कुठला शब्द दिला तर त्याचं ते काय करतील, हे तिला कळेना.

वैशाखात लग्न झालं. शाळेला सुट्टी लागल्यावर कमल बोलावत होती म्हणून इंदुमती चार दिवस हुबळीला गेली. श्यामला तिच्याहून लहान होती. सावळी, भराभर काम करणारी, बोलताना मान खाली घालणारी. अण्णा आणि मधुकर जेवून उठले, कमलचंही झालं. श्यामलेनं चुलीपुढे एकच पाट मांडला, ताट वाढलं. मेथी होती.

"अक्का, तुम्ही बसा."

"तुम्ही पण बसा की."

"मी मागाहून बसते. आमच्या आप्पांनी सांगितलंय मला, ह्या घरचं वळण."

इंदुमतीनं कोपऱ्यातला दुसरा पाट आणला आणि आपल्या पाटाशेजारी मांडला. दुसरं ताट घेतलं, कढईतली भाजी दोन्हीकडे सारखी वाढली, भाकरी मोडून अर्धी-अर्धी ठेवली.

"बसा."

श्यामला बसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "असं नको ना, अक्का. कुणी बघितलं तर म्हणतील, आल्या आल्या लेकीच्या पंक्तीला बसली."

"कोण म्हणेल?"

इंदुमतीही बसली नाही. भाकरीची वाफ गेली. भाजीवरचं तेल थिजू लागलं. दोघी दोन पाटांपाशी उभ्या होत्या.

बाहेरून अण्णांनी विचारलं, "जेवणं झाली काय गं तुमची?"

"झाली," श्यामला म्हणाली.