सुपात वाळलेली अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. राहू गावाजवळच्या वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा, तेच माझं घर.

मी आलो तेव्हा गावाने मला ओवाळलं आणि लगेच कपाटात ठेवलं. सतीश गुरुजी मोठे जपणारे. "पोरांच्या हातात दिला तर महिनाभर टिकायचा नाही," म्हणायचे. दोन वर्षं मी फक्त झेंडावंदनाला आणि खंडेनवमीला उजेड पाहिला.

मग राजश्रीबाई बदलून आल्या. त्यांनी मला खिडकीपाशी मांडलं. मुलं माझ्यावर गणितं सोडवू लागली, मनातलं लिहू लागली. उसाला पाणी कसं देतात, कुणाची म्हैस व्याली, सारं माझ्या पडद्यावर उमटे. चौथीतली सायली तर बोटांकडे न बघता लिही. त्या दिवसांचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढच्या खंडेनवमीला शाळा समितीचे अध्यक्ष हौसरावआप्पा पूजेला बसले. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ माझ्याच टेबलाच्या कडेवर फोडला. सगळं पाणी कीबोर्डात. दसऱ्यानंतर शाळा उघडली, तर बटणं चिकटलेली आणि आत मुंग्यांची रांग.

"आप्पा, तुम्ही त्याला नारळपाणी पाजलं," सायली म्हणाली.

"आगं, देवाचं पानी हाय ते. त्यानं कुठं काय बिघडतं?" आप्पा म्हणाले, पण आवाज खालचा होता.

गुरुजींनी कपाटाची किल्ली काढली. "मी म्हणत होतोच. आता हा आतच बरा."

 या वेळी आत गेलो, की पुन्हा बाहेर येणं नव्हतं.

"एक दिवस द्या, गुरुजी," राजश्रीबाई म्हणाल्या.

सायलीची थोरली बहीण तेजश्री पाबळला यंत्रांचं काम शिकत होती. निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. तिने एकेक बटण उचकटलं, आतला चिकटा पुसला, बटणं धुतली आणि सुपात घालून उन्हात ठेवली. दुपारी ते सूप माझ्यापुढे आलं.

"कुठलं कुठं बसतं, कुणाला ठावं हाय?" तिने विचारलं.

गुरुजींनी एक बटण उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत सुपात टाकलं. त्यांनी माझ्यावर कधी बोट ठेवलंच नव्हतं. सायलीने डोळे मिटले, हवेत बोटं चालवली आणि 'क' उचलून बसवला. मग सारी चौथी पुढे सरकली.

"'म' उजवीकडं."

"न्हाई, डाव्या मधल्या बोटाखाली. रोज लिवतोस की."

बघता बघता सूप रिकामं झालं.

"आता कायतरी लिवून दाव," बघायला आलेले आप्पा म्हणाले. सायलीने लिहिलं, 'आप्पा, पुढच्या वर्षी नारळ अंगणात फोडा.'

गुरुजी खळखळून हसले. त्यांनी किल्ली खिशात टाकली. "राहू दे इथंच. आणि बाई, पोरांना सांगा, मलाही शिकवा म्हणावं."

मित्रांनो, आता शाळेत नवे टॅब आले आहेत, माझा वेगही मंदावला आहे. बोटं लागून लागून माझ्या 'क'वरचं अक्षर पुसलं गेलं आहे. त्यावर कुणी नवं चिकटवू नका, तो माझा दागिना आहे. वस्तूंना धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा. मुलांच्या हातांपासून मात्र जपू नका.