शर्यतीच्या गाडीचं हळदीकुंकू

“गाडीच्या नाकाकडून नका बघू सर, तिकडं उजेड कमी हाय,” शिवप्रसाद घाईघाईने म्हणाला आणि त्याने टेबल खिडकीकडे ओढलं.

टेबलावर पांढरीशुभ्र रेसिंग कार होती. प्लॅस्टिकच्या लहान लहान ठोकळ्यांनी जोडलेली, हातभर लांब. प्रीतमने तिच्यावरून बॅटरीचा झोत फिरवला. स्टिअरिंग वळवून पुढची चाकं वळतात का ते पाहिलं. मागची चाकं फिरवून इंजिनातले इवलेसे दट्टे वरखाली होतात का ते पाहिलं.  निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहावं, तसा शिवप्रसाद शेजारी उभा होता.

प्रीतम हैदराबादहून आला होता. तिथे या ठोकळ्यांच्या गाड्या जमवणाऱ्या हौशी माणसांचं एक मंडळ आहे. पोरासोरांचं नव्हे, चांगल्या मिशा पिकलेल्या माणसांचं. दिवाळीनंतर त्यांचं प्रदर्शन भरतं. कंपनीने कधीच बंद केलेले जुने संच तिथे मांडतात आणि प्रत्येक गाडीपुढे मालकाच्या नावाची पाटी असते. गाडी अस्सल आहे की नाही, तिचा एकही तुकडा परका, पिवळट किंवा चरे पडलेला नाही ना, हे परीक्षक आधी घरी येऊन बघतो. मगच टेबलावर जागा मिळते.

ती पाटी शिवप्रसादला हवी होती. इतकी हवी होती की आपल्या नावाखाली ‘पालम, जि. परभणी’ लिहितील की नुसतं ‘परभणी’, यावर तो बायकोशी दोनदा भांडला होता. माणूस वीज उपकेंद्रात ऑपरेटर. लाईट असली की तो आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं, आणि गेली की अख्खा तालुका फोनवरून त्याच्या आईबहिणीची चौकशी करतो. सगळी नोकरी अशीच गेली. ड्युटीवरून आला की तो या गाडीपुढे बसायचा. अर्धामुर्धा संच कुणाकडून तरी घेतला होता, उरलेले तुकडे कुठून कुठून पार्सलने यायचे. राजेश्री, त्याची बायको, गाडीला सवत म्हणायची. पण सवतीवरची धूळ मऊ ब्रशने झाडायचीही तीच.

आणि अशी जिवापाड जपलेली गाडी बिघडली ती खंडेनवमीला.

त्या दिवशी तो सकाळी ड्युटीवरून आला तर गाडी काचेच्या कपाटात नव्हती. देवापुढे पाटावर होती. चालकाच्या जागेवर झेंडूचं फूल, पुढ्यात फोडलेला नारळ आणि नाकाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओल्या हळदीचं ठसठशीत बोट, त्यावर कुंकू. शेजारी त्याची माय, झुंबरबाई, हात जोडून बसली होती.

“तुझी गाडी तेवढी राहिली व्हती,” ती म्हणाली. “म्हनलं, आज न्हाई तर कवा?”

 रागावणार कुणावर? त्याचे वडील आश्रुबा कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवायचे. एका वर्षी मुकादमाने घाई केली आणि टोळी खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच निघाली. ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावायचं राहून गेलं. त्याच हंगामात एका वळणावर ट्रॉली उलटली आणि झुंबरबाई एकटीच गावी परतली. तेव्हापासून चाक असलेली एकही वस्तू तिने बिनपुजेची सोडली नाही. मोटारसायकल, शिलाई मशीन, शेजारच्या पोराचा पांगुळगाडासुद्धा. लोक हसायचे. ती हळद कालवायची.

शिवप्रसादने तिच्या माघारी डाग साबणाने धुतला, तर पिवळा होता तो लालभडक झाला. उन्हात ठेवून हळद उडवावी तर पांढरं प्लॅस्टिकच पिवळं पडतं. शेवटी त्याने झेरॉक्सच्या दुकानात गोल पांढऱ्या कागदावर आकडा छापून घेतला आणि नाकावर चिकटवला. शर्यतीच्या गाडीला आकडा असतोच की! आज परीक्षक यायचा म्हणून मायला त्याने सकाळीच शेजारच्या केशरबाईसोबत पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला धाडलं होतं. पहिल्यांदाच स्वतःहून. ती बिचारी हरखून गेली होती.

“हा आकडा,” प्रीतम पहिल्यांदाच बोलला. “हा मूळ संचातला नाही.”

“असंल की सर. जुना हाय ना संच.”

“नाही. या गाडीच्या नाकावर काहीच नव्हतं. मला पाठ आहे ही गाडी.” त्याने भिंग ठेवलं. “शिवप्रसादजी, हौसेने लावला असेल तर काही नाही, काढून टाकू. पण खाली काही झाकलं असेल तर आत्ताच सांगा. झाकाझाकी निघाली की मंडळ त्या माणसाला परत कधी घेत नाही.”

 खरं सांगावं तर गाडी जाते, खोटं बोलावं तर आपण जातो. त्याने राजेश्रीकडे पाहिलं. ती दारात ट्रे घेऊन उभी होती आणि कपांकडे बघत होती.

“सर, ते काय झालं…”

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या.

“गाडीच आली न्हाई बाई!” झुंबरबाई बाहेरूनच सांगत आत आली. “स्टँडवर बसून बसून कंबर धरली. केशरबाई म्हनली, उद्या जाऊ.” पाहुणा दिसला तसा तिने डोक्यावर पदर घेतला. “हेच का हैदराबादचे साहेब? बसा दादा, बसा. च्या घेतला का?”

“माय, तू आत जा. हातपाय धू,” शिवप्रसाद म्हणाला.

पण तिची नजर गाडीवर गेली होती. ती टेबलाजवळ आली आणि वाकून बघू लागली.

“शिवा, हे काय चिटकवलंस? माझं हळदीकुंकू कुठं गेलं?”

 प्रीतमने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शिवप्रसादकडे. मग नखाने कागदाची कड उचलली आणि हळूच सोलून काढली. खाली लालसर पिवळा डाग होता. साबणाने पसरलेला, पण बोटाचा आकार अजून शाबूत.

“हे बघा ना दादा, हाय की हितंच!” झुंबरबाईचा चेहरा खुलला. “मीच लावलं खंडेनवमीला.”

“हा डाग आहे आजी,” प्रीतम म्हणाला. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हता. “डाग असलेली गाडी टेबलावर ठेवता येत नाही.”

“डाग?” तिने लेकाकडे पाहिलं. “शिवा, डाग हाय का ह्यो?”

त्याने ‘न्हाई’ म्हणायला हवं होतं. एवढाच शब्द. तो जिभेवर आलाही होता. पण समोर परीक्षक होता, हैदराबादचं टेबल होतं, नावाची पाटी होती. शिवप्रसाद खाली मान घालून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

झुंबरबाई काय समजायचं ते समजली.

प्रीतमलाही अवघडल्यासारखं झालं असावं. त्याने बॅगेतून एक चपटी डबी काढली. रंग ताडून बघायला तो त्याच जुन्या संचांचे अस्सल तुकडे बाळगायचा. त्यातल्या पांढऱ्या पट्ट्या त्याने नाकाशेजारी धरल्या. रंग बरोबर जुळला.

“एवढे तुकडे बदलले की गाडी निर्दोष आहे. तुम्ही आता काही लपवलं नाही असंच मी धरतो. बदलू?”

 शिवप्रसादने मायकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघायलाय?” ती म्हणाली. “साहेब खामखा सांगत्यात का? बदल की.”

त्याने स्वतःच्या हाताने पट्ट्या उचकटल्या.  नव्या पट्ट्या टकटक बसल्या. जुन्या टेबलावर पडल्या होत्या. झुंबरबाईने त्या वेचून तळहातावर घेतल्या.

“ह्या लागत न्हाईत ना आता?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता देवघराकडे गेली.

गाडी पास झाली. प्रीतमने त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि पाटीवर ‘पालम’ लिहायला सांगतो असं तो स्वतःहून म्हणाला. ज्या क्षणाची वाट बघत शिवप्रसादने वर्षं काढली, तो क्षण असा आला, आणि त्याला आत जाऊन तोंड धुवावंसं वाटलं.

प्रदर्शनाला निघायच्या दिवशी त्याने गाडी स्पंजात बसवून खोक्यात ठेवली. रिक्षा दारात येऊन थांबली होती. तेवढ्यात झुंबरबाई आतून ताट घेऊन आली. ताटात हळद, कुंकू, निरांजन. लांबचा प्रवास होता आणि गाडी चालली होती. ती न येती तरच नवल.

तिने हळदीत बोट बुडवलं, पुढे केलं आणि थांबली. बोट तसंच हवेत राहिलं.

शिवप्रसादला गलबलून आलं. त्याने झटकन खोक्याचं झाकण पूर्ण उघडलं, वरचा स्पंज बाजूला केला आणि गाडीचं पांढरं नाक तिच्यापुढे केलं.

“लाव माय. लाव तू. जे व्हईल ते व्हईल.”

झुंबरबाईने गाडीकडे पाहिलं. मग तिने दुसऱ्या, कोरड्या हाताने स्पंज नीट दाबून बसवला आणि झाकण लावलं.

“नको बाबा,” ती म्हणाली. “डाग पडंल.”

आणि हळदीचं बोट तिने खोक्याच्या पुठ्ठ्याला लावलं.