पन्नास किलोचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाळणा आहे. माझं वजन पन्नास किलो. मला हलवायला चार माणसं लागतात, आणि ज्या पाळण्याला हलवायला चार माणसं लागतात त्याने स्वतःला पाळणा म्हणवावं का, हे तुम्हीच ठरवा.

मी जन्मलो तो कारखाना त्या काळात सरकारी, म्हणजे सगळ्यांचा होता. त्याआधी तिथल्या कामगार बायांची मुलं फळांच्या खोक्यात, यंत्रांच्या धडधडाटात झोपत. मग ठरलं की प्रत्येक मुलाला पाळणा, ऊन दूध आणि डॉक्टर मिळेल. कोणाचं मूल ते विचारायचं नाही. ही थाप नव्हती. ते दूध मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझे गज जोडणारी बाई हाताने चपळ, तोंडाने त्याहून. तिला सगळे ठिणगी म्हणत. पहिलाच गज उचलून ती म्हणाली, "मुकादम, यात बाळ निजवायचंय की बैल बांधायचाय?"

"किती माल काढायचा तो आकडा वरून टनांत येतो, बाई," मुकादम म्हणाला. "हलके केले तर दोनशेच्या जागी चारशे करावे लागतील. थांबशील रोज रात्री?"

ठिणगीची मुलगी तीन महिन्यांची होती. कामाची पाळी संपत आली होती, छाती दुधाने ठणकत होती. तिने वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो जाड गज जोडून टाकला. जोड असा पक्का की पहारीने निघायचा नाही.

मला एका बाजूला खालीवर सरकणारा कठडा होता. त्याला वर धरून ठेवणारी कडी दुसऱ्या कारखान्यातून येई. तिथे वजन नव्हे, नग मोजत. म्हणून एका पत्र्यातून जितक्या निघतील तितक्या कड्या काढत, नखासारख्या पातळ. इकडचा आकडा पुरा, तिकडचाही पुरा. पन्नास किलोतला बारा किलोचा कठडा मात्र नखावर लटकलेला.

पाळणाघरात माझ्याच वाट्याला ठिणगीची छकुली आली. पहिल्याच दिवशी ठिणगीने कडी दाबून पाहिली. ती वाकली. तिने अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं, कडी या कारखान्याच्या अखत्यारीत नाही. दुसरीकडून आलं, कठडा आमचा नाही. तेव्हा तिने आपल्या एप्रनचा बंद कापला आणि कठडा गजाला करकचून बांधला. रोज सकाळी ती गाठ दोनदा ओढून पाही. बाया हसत. "अगं, पोरीला बांधतेस का चोराला?" ती हसत नसे. पाळणाघरातल्या मावशींनी मात्र बाकीच्या पाळण्यांनाही बंद बांधले.

वर्ष सरलं. छकुली उभी राहू लागली. एके दिवशी तपासणीला मोठे पाहुणे यायचे होते. पाळणाघराच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "मावशी, त्या चिंध्या सोडा. पाहुण्यांना वाटेल आपले पाळणे मोडके आहेत."

"मोडकेच आहेत, ताई."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे हो."

मावशींनी गाठी सोडल्या. पाहुणे आले. एकाने माझ्यावर टिचक्या मारल्या, "भक्कम" म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. ते पुढच्या खोलीकडे वळले, तशी छकुली त्यांना पाहायला उठली. एक हात वरच्या दांडीवर, दुसरा खालच्या गजावर. कडी वाकली. मित्रांनो, मला थांबता आलं नाही. माझा कठडा त्या खालच्या हातावर आला.

ठिणगी हातमोजे न काढताच धावत आली. छकुलीला डॉक्टरांनी नेलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं काही राहिली नाहीत. ठिणगी माझ्यापाशी बसली, गजावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "जोड माझाच आहे. कुठे सुटला नाही."

त्या वर्षी आकडा पुरा केल्याबद्दल दोन्ही कारखान्यांना मानाचा झेंडा मिळाला.

पुढे वारं फिरलं. कारखाना विकला गेला. पाळणाघर परवडत नाही म्हणून त्याला कुलूप लागलं. ऊन दूधही त्याच कुलपाआड गेलं. आया आता दुकानांत राबत, आणि मुलं पुन्हा तिथल्या फळ्यांखाली, खोक्यात झोपू लागली. मी भंगारात आलो. तिथेही मला काट्यावरच चढवलं. मालक बदलले, काटा तोच.

काल एक बाई पाळणा शोधत आली. खांद्यावर तान्हं होतं. भंगारवाला म्हणाला, "घ्या ताई, असला भक्कम माल आता मिळत नाही." तिने तान्ह्याला दूर धरलं, उजव्या हाताने माझा कठडा वर चढवला आणि कडी दाबली. त्या हाताला तीन बोटं होती.

कडी वाकली. कठडा खाली आदळला. बाळ दचकून रडू लागलं. तिने त्याला पोटाशी धरलं आणि मागे न पाहता निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी पाळणे बनवील, कोणी ते मोजील. सगळ्या मुलांसाठी बनवा; ते चुकीचं नव्हतं. पण मोजण्याआधी एकदा कडी दाबून पाहा. आणि कठड्याखाली हात ठेवायचा, तो स्वतःचा ठेवा.