ज्ञानेशच्या दिव्याखालची ज्वारी

संक्रांतीला बावड्यात सगळ्यांच्या ज्वारीचा हुरडा निघाला होता आणि भीमाच्या तुकड्यात अजून कणसाचा पत्ता नव्हता. ताटं मात्र अशी हिरवीगार, की दृष्ट लागावी. त्याची बायको धोंडाबाई तर हरखून गेली होती. रस्त्यानं जाणाऱ्या बायांना बांधावर थांबवून ती सांगायची, "बगा, माझ्या लेकाची माया. समद्यांचं रान पिवळं पडलं, ह्याचं हिरवं हाय."

भीमा मात्र ताटांचे शेंडे उकलून कणीस शोधत राहायचा.

बी त्यांच्या पोराचं, ज्ञानेशचं होतं. तीन हंगाम रानोरान हिंडून, थोडक्या पाण्यावर तगलेली कणसं पोरानं निवडली होती. गेल्या उन्हाळ्यात इंदापूरहून येताना त्याची मोटरसायकल अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्याची समाधी रानातच बांधली. "अंधारानं नेला माझा लेक, आता त्याला अंधार नगं," म्हणून धोंडाबाईनं तिथं सोलरचा मोठा दिवा बसवून घेतला. आणि भीमानं सगळं बी, मूठभरही मागं न ठेवता, त्याच दिव्याभोवती पेरलं. अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे! हा तुकडा वाया गेला, की पोराचं बी कायमचं गेलं.

थोरली लेक श्रेया बारामतीला शेतीच्या कॉलेजात शिकवायची. भीमानं तिला फोन लावला.

"आबा, ज्वारीच्या अंगात घड्याळ असतं. रात्र लांबली की तिला कळतं, आता कणीस काढायचं. तुमच्या ज्वारीला रात्रच होत नाही. दिवा आजच बंद करा. उशीर झाला तर उन्हात दाणा भरणार नाही."

भीमा तडक घरी आला. धोंडाबाई तिळाचे लाडू घेऊन समाधीकडं निघाली होती. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं केसांना तेल लावलं होतं. भीमा वाटेतून बाजूला झाला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला, आणि तो उद्या काही उजाडेना.

शिवरात्रीला तिनंच विचारलं, "अवो, हिला कणीस कवा यायचं?"

तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. ती उठली आणि दिवा बंद करून आली.

कणसं निघाली, पण तोवर ऊन रणरणत होतं. भीमानं एक कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली. सगळा भुसा उडाला, दाणा एकही राहिला नाही. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. तीच गत.

"श्रेया कवा बोलली व्हती तुमाला?" धोंडाबाईनं विचारलं.

"संक्रांतीला."

"मग तवाच का न्हाय सांगितलं?"

"तू जरा हसाय लागली व्हतीस."

धोंडाबाईनं त्याच्या तळहातावरचा भुसा झटकला.

"त्याच दिवशी इझवला असता की वो मी. दिवा माझा व्हता. बी त्याचं व्हतं."

आणि ताटं वैरणीला तरी कापावीत म्हणून ती विळा आणायला घराकडं गेली.